आत्याकडची हाक

"चिमे, पाट घे गं," आत्या ओट्यापाशी उभी राहून म्हणाली. मी वळायच्या आत माझी पाच वर्षांची लेक उठली, भिंतीला टेकवून ठेवलेला पाट तिने दोन्ही हातांनी ओढत आणला आणि ताटासमोर मांडी घालून बसली. चिमी म्हणजे मी. हे माझं घरातलं नाव, आणि बाबा गेल्यापासून त्या नावाने हाक मारणारं आत्या हे एकच माणूस उरलं आहे. आई मला पहिल्यापासून पाळण्यातल्या नावानेच बोलावते. पुण्याला पोचलो त्या दिवशी लेकीने आत्याला आपलं खरं नाव ठासून सांगितलं होतं. आत्याही "हो गं बाई, चुकलंच माझं" म्हणाली आणि तिने ते नाव नीट उच्चारून दाखवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र पोरीने माझ्या नावाला सरळ ओ दिली. आत्याने तिच्या वरणभातावर तूप सोडलं, लिंबाची फोड पिळली, आणि दोघींपैकी एकीलाही यात काही वेगळं घडलं असं वाटलं नाही. मी पाण्याचा तांब्या हातात धरून बघत राहिले. काहीतरी आपल्याकडून काढून घेतलं गेलं असं एकीकडे वाटत होतं, आणि ते जिथे गेलं तिथेच जायला हवं होतं असंही वाटत होतं. डोंबिवलीला परत आल्यावर, लोकलच्या दारात उभी असताना, रात्री भांडी जागेवर लावताना ती हाक मला ऐकू येत राहिली.

खरं म्हणजे या खेपेला लेकीला आपल्या नावाचं फार अप्रूप होतं. रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, त्यामुळे आजवर ती माझ्या मांडीवर बसून नाहीतर दोघांमधल्या फटीत अंग चोरून पुण्याला यायची. आता पाच पूर्ण झाली म्हणून पहिल्यांदा तिचं वेगळं तिकीट काढलं. मोबाइलवर आपलं नाव कुठे आहे ते तिने मला बोट ठेवून दाखवायला लावलं. कल्याणला डेक्कन एक्स्प्रेसमध्ये चढल्यापासून ती तिकीट तपासनिसाची वाट पाहत होती, आणि तो आला तेव्हा त्याने विचारायच्या आधीच तिने स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं एका दमात सांगितलं. त्या माणसाने यादीत पाहून मान डोलावली. "आहे बरं का," म्हणाला. तेवढ्यावर ती कर्जतपर्यंत ताठ बसून होती.

नवरा शनिवारी येणार होता, म्हणून जाताना दोन्ही मुलं आणि मी एवढेच होतो. धाकटा सव्वा वर्षाचा. दोन लहान मुलांना घेऊन एकटीने निघायचं म्हणजे सामान कमी करायचं ठरवूनही कमी होत नाही. नाचणीचं सत्त्व, मेतकुटाची बाटली, तापाचं औषध आणि त्याचं मापाचं झाकण, डायपर, बदलायच्या कपड्यांचे वेगळे गठ्ठे, त्याला ज्याशिवाय झोप येत नाही ते विटलेलं दुपटं. या सगळ्यात माझं स्वतःचं काय घेतलं ते मला पुण्यात पिशवी उघडल्यावर कळतं. पण गाडीत माणसं भेटतात. समोरच्या बाकावरच्या बाईंनी, ज्यांचं नावही मी विचारलं नाही, बदलापूर गेल्यावर हात पुढे केले आणि धाकट्याला घेतलं. "तुम्ही चहा प्या निवांत," म्हणाल्या. तो त्यांच्या मंगळसूत्राच्या वाट्या तोंडात घालत होता, त्या घालू देत होत्या. लोणावळ्यापर्यंत तो त्यांच्याकडेच झोपला. हल्ली कुणी कुणाच्या मुलाला हात लावत नाही असं म्हणतात. मुलांना घेऊन फिरणाऱ्या बाईचा अनुभव वेगळा आहे, निदान माझा तरी.

कर्जतला गाडीला मागून इंजिन जोडतात तेव्हा एक हलका धक्का बसतो. लहानपणी त्या धक्क्याची मी डोळे मिटून वाट पाहायची. बाबा सांगायचे की बोरघाटात चढ इतका उभा आहे की ३७ फूट पुढे गेलं की गाडी एक फूट वर चढते, एकट्या इंजिनाला ते झेपत नाही, म्हणून मागून ढकलायला मदतनीस लागतात. १८६३ साली ही वाट सुरू झाली तेव्हापासून घाट माणसांना धाप लावतो आहे, हे त्यांचं वाक्य. मी तेच लेकीला सांगितलं, वड्याचा घास तिच्या तोंडात देत, आणि बोलता बोलता जाणवलं की माझा आवाजही तसाच लागतोय, "धाप" या शब्दावर मी तशीच थांबतेय. बोगदा आला की डब्यातली सगळी मुलं ओरडतात, तशी तीही ओरडली. ठाकूरवाडीच्या पुढे दरी उघडली आणि पाऊस नुकताच संपल्यामुळे समोरच्या कड्यावरून दोन बारीक धारा अजून उतरत होत्या. गाडीत ओल्या दगडाचा, तळलेल्या बेसनाचा आणि धाकट्याच्या दुधाचा वास एकत्र झाला होता.

शिवाजीनगरला उतरून रिक्षाने सदाशिव पेठेत पोचलो. दारातच आत्याने थांबवलं. भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन ती बाहेर आली, दोन्ही मुलांवरून तुकडा ओवाळला, डोळ्यांना पाणी लावलं आणि मग म्हणाली, "या आता." लिफ्टसमोरच्या त्या गुळगुळीत फरशीवर तिने हे सगळं केलं. पूर्वी याच जागी वाडा होता. अंधाऱ्या लाकडी जिन्याला धरायला वरून दोर सोडलेला असे, माणसांच्या हातांनी काळा आणि मऊ पडलेला. चौकात हौद होता, नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तळ्यातून नळाने पेठांत आणलेलं पाणी कधीकाळी याही हौदात पडत असे, असं आत्याचे सासरे सांगायचे. वाडा पाडून इमारत झाली, आत्याला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. मला त्या इमारतीचा राग येत नाही. आत्याच्या गुडघ्यांना लिफ्ट हवी होती, आणि वाड्यातला संडास पावसात गाठायचा म्हणजे काय हे ज्यांनी भोगलंय त्यांना वाड्याच्या आठवणींचं कौतुक सांगू नये. तरी घरात पाऊल टाकलं की उदबत्ती, हिंग आणि जुन्या गोधड्या यांचा जो वास येतो तो वाड्यातलाच आहे. तो सामानाबरोबर वर आलाय.

आत गेल्यावर मला दिसलं की काचेच्या कपाटाची खालची फळी रिकामी आहे. चिनी मातीचं हरीण, पितळेची छोटी घंटा, आत्याच्या यजमानांच्या निवृत्तीच्या वेळी मिळालेलं घड्याळ, सगळं वर गेलं होतं. पलंगाच्या कडेला उशा लावल्या होत्या. स्टोअररूममधून तुळशीबागेतली माझी भातुकली काढून, चिंच लावून घासून, ती एका परातीत मांडून ठेवली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई हे सगळं वाकून, उचलून, पुसून करते आणि त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. आपण मुलांना घेऊन कुणाकडे जातो तेव्हा आपल्याला आपल्याच प्रवासाचे कष्ट दिसतात. त्या घराचेही कष्ट आदल्या दिवशीच सुरू झालेले असतात.

आत्याला विसर पडायला लागलाय का, ही शंका मला आली होती. ती मी नीट तपासूनही पाहिली. दूधवाल्याचा हिशेब तिला तोंडपाठ आहे, गोळ्यांच्या वेळा चुकत नाहीत, माझ्या चुलत नणंदेच्या बारशाला कुणी काय आहेर केला होता तेही ती सांगते. नावं फक्त मुलांची सरकतात. आणि मग लक्षात आलं की धाकट्याच्या बाबतीतही तेच चाललंय, पण ते कुणाला कळतच नाही. ती त्याला "बाळ" म्हणते. कुठल्याही घरात तान्ह्याला बाळच म्हणतात. पण आत्या माझ्या बाबांनाही बाळच म्हणायची, ते साठीचे झाले तरी. "बाळ, चहा टाकलाय, ये," असं ती ज्या पट्टीत त्यांना म्हणे, अगदी त्याच पट्टीत ती सव्वा वर्षाच्या पोराला "बाळ, भात कालवलाय, ये" म्हणत होती.

मी ते ऐकलं आणि गॅलरीत जाऊन वाळत घातलेले कपडे काढत बसले.

त्या रात्री धाकटा झोपेना. नवी जागा, पंख्याचा वेगळा आवाज, खालून जाणाऱ्या गाड्या. लेक गाद्यांच्या रांगेत मधोमध आडवी पसरून गाढ झोपलेली. आत्या उठली, भिंतीला पाठ लावून पाय लांब करून बसली. "कडेवर नाही घेववत आता, पायावर दे," म्हणाली. तिने त्याला दोन्ही पायांवर आडवं घेतलं, एका हाताने थोपटत राहिली आणि मला पानशेतच्या पुराची गोष्ट सांगायला लागली. मी ती आधी तुकड्यातुकड्यांत ऐकली होती. १२ जुलै १९६१. तेव्हा आमचे लोक नारायण पेठेत, नदीपासून जवळच राहायचे. आत्या चौदा वर्षांची, बाबा तीन. धरण फुटलं असं कुणीतरी रस्त्यातून ओरडत गेलं तेव्हा आधी लोकांना खरं वाटेना. मग पाणी आलं. आजोबा कामावर, आजी सगळं सोडून देवाच्या मूर्ती पदरात बांधत होती, आणि तिने आत्याला सांगितलं, बाळला घे आणि वर चाल. आत्या त्याला कडेवर घेऊन टिळक रोडच्या पलीकडे एका लांबच्या नात्यातल्या काकूंकडे गेली. वाटेत तो एकदाच रडला, त्याची चप्पल पडली म्हणून. ती चप्पल उचलायला आत्या थांबली नाही, आणि एवढी वर्षं झाली तरी ते तिच्या मनात आहे. लकडी पूल पाण्याखाली गेला, घर गेलं. खडकवासलाही फुटल्यामुळे नंतर शहराच्या नळांना पाणी नव्हतं, विहिरींवर आणि जुन्या हौदांवर दिवस काढावे लागले. अशा दिवसांत त्या काकूंनी सहा माणसांच्या दोन खोल्यांत आणखी चार माणसं ठेवून घेतली. आत्या म्हणाली, "दोन महिने राहिलो त्यांच्याकडे. एकदासुद्धा त्यांनी विचारलं नाही, कधी जाणार म्हणून. बाळ तर त्यांनाच आई म्हणायला लागला होता."

हे ऐकताना माझ्या मनात एक धागा जुळला. आत्याच्या अंगात जे पाहुणेपण पेरलंय ते तिथलं आहे. दर मे महिन्यात आई मला आणि भावाला घेऊन इथे यायची, आम्ही वाडाभर धुडगूस घालायचो, पेशवे पार्कातल्या फुलराणी या छोट्या आगगाडीत बसायला मिळावं म्हणून रडायचो (तेव्हा तिथे वाघही होता, पुढे प्राणिसंग्रहालय कात्रजला गेलं, त्यामुळे माझ्या मुलांचा वाघ कात्रजचा), रात्री चौकात उलट्या करायचो, आणि आत्याच्या कपाळावर एकदाही आठी आली नाही. मी ते तिच्या स्वभावावर ढकललं होतं. पण चौदाव्या वर्षी लहान भावाला कडेवर घेऊन दुसऱ्याच्या दारात उभं राहिलेल्या मुलीला, मूल घेऊन दारात आलेलं माणूस कसं दिसत असेल? तिला त्या मुलाचं नाव लगेच आठवलं नाही तरी चालतं. तिच्यासाठी ते मूल आधीपासून ओळखीचं असतं.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीकडे गेलो, सहकारनगरला. तिच्या आजोबांना पुरानंतर पूरग्रस्तांच्या सोसायटीत जागा मिळाली होती, तिथेच आता तिचं घर आहे. तिला मूल नाही. व्हावं म्हणून तिने आणि तिच्या नवऱ्याने फार सोसलं आणि मग थांबायचं ठरवलं. माझी दोन्ही मुलं घेऊन तिच्याकडे जाताना दर वेळी माझं मन जड असतं. मुलं नवऱ्याकडे ठेवून एकटीनेच जावं का, असं तिला एकदा सरळ विचारलं होतं. ती म्हणाली, "तू एकटी आलीस तर मला वाटेल मी आजारी आहे." त्यानंतर मी तो विषय काढला नाही. या वेळी ती लेकीला घेऊन खाली झाडांना पाणी घालायला गेली आणि दोघी तासभर वर आल्या नाहीत. मी वरून पाहिलं तर दोघी गांडुळं शोधत होत्या, मैत्रिणीचा नवा कुडता कोपरापर्यंत चिखलाने भरला होता. परत येताना रिक्षात लेक म्हणाली, "मावशीला गांडुळाची भीती वाटत नाही. तुला वाटते." तिने मावशीबद्दल एक गोष्ट मिळवली होती, जी मला वीस वर्षांत माहीत नव्हती. निघताना मैत्रीण जिन्यात माझा हात जरा जास्त वेळ धरून उभी होती. त्या हाताचं काय करायचं मला कळलं नाही, मी तो तसाच धरू दिला.

हल्ली बरेचजण मुलांना त्रास नको म्हणून नातेवाइकांना हॉटेलात भेटतात. दोन तास, सगळ्यांची ख्यालीखुशाली, फोटो, आणि आपापल्या घरी. मला त्यांची अडचण समजते. घरं लहान आहेत, दोघं नोकरी करतात, म्हाताऱ्यांना उस्तवार झेपत नाही. पण मुलं माणसाला ओळखायला शिकतात ती त्याच्या मोरीतल्या बालदीवरून, पहाटे येणाऱ्या खोकल्यावरून, भात कसा कालवतात त्यावरून. माझ्या लेकीने परत आल्यावर शेजारच्या मुलीला जे पुणं सांगितलं त्यात शनिवारवाडा नव्हता. आत्याआजी रात्री दात वाटीत ठेवते आणि तेव्हा तिचं हसू बदलतं, हे होतं. हे कळायला रात्र तिथेच काढावी लागते. सकाळी डोळे उघडले की कुणाचं छत दिसतं, यावर लहान मुलांचं आपलं आणि परकं बरंचसं ठरतं असं मला मनापासून वाटतं. आणि त्यासाठी मिळणारी वर्षं फार थोडी असतात. मुलं लहान असायला हवीत आणि म्हातारी माणसं अजून पाट काढण्याइतकी हिंडतीफिरती हवीत. माझ्या मुलांना त्यांचे आजोबा मिळाले नाहीत. धाकटा तर ते गेल्यावर जन्मला.

निघायच्या दिवशी आत्याने माझी ओटी भरली. तिचे यजमान गेल्यापासून ती शेजारच्या वहिनींना बोलावून माझ्या कपाळाला कुंकू लावायला लावायची आणि स्वतः बाजूला उभी राहायची. मला ते आवडायचं नाही, मी बोलत मात्र नसे. या वेळी वहिनी गावाला गेल्या होत्या. आत्या क्षणभर दाराकडे पाहत राहिली, मग तिने स्वतःच करंडा उघडला. माझ्या कपाळाला लावलं, लेकीच्याही लावलं. तांदूळ आणि नारळ ओच्यात घालताना तिची बोटं थरथरत होती. मी वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, "आता दर वेळी तूच लाव." ती काही बोलली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. लेकीने लगेच तिला सांगितलं की टिकली वाकडी लागलीय.

गाडी खंडाळ्याच्या पुढे उतरायला लागली तेव्हा मी लेकीला विचारलं, "आत्याआजी तुला चिमी म्हणते, ते तुला चालतं?" ती खिडकीत पाहत होती. "हो," म्हणाली. "तिच्याकडे माझं नाव चिमी आहे." मग थोड्या वेळाने, "पण तिकिटावर नाही लिहायचं." माझ्या पोटातली ती दुखरी जागा पूर्ण बरी झाली असं म्हणणार नाही. बाबांच्या तोंडचं ते नाव होतं, आणि ते ऐकलं की आता दोन माणसं वळणार आहेत. पण माझ्या मुलीला काही आत्याचं प्रेम पहिल्यापासून कमवावं लागलेलं नाही. पुराच्या पाण्यातून कडेवर आलेल्या पोरासाठी ते साठलं होतं, मग त्याच्या मुलीवर आलं, आता तिच्यावर. तिला ते आयतं मिळालंय आणि ती ते निःशंक घेतेय. घेऊ दे.

डिसेंबरात नवऱ्याच्या मावसभावाचं लग्न पुण्यातच आहे. कार्यालयात पाहुण्यांसाठी खोल्या ठेवल्या आहेत, मुलांना तिथे सोयीचं पडेल असं सासरी सगळ्यांचं म्हणणं. मी सांगून टाकलंय की मुलं आणि मी आत्याकडे राहणार. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्या तारखेवर कालनिर्णयात खूण केली आहे. आणि परवा आत्याला फोन करून विचारलं की पुरात ज्यांनी तुम्हाला ठेवून घेतलं त्या काकूंच्या घरचं आता कोण आहे. ती बराच वेळ आठवत राहिली, मग दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. काकूंचा नातू बिबवेवाडीला असतो, जुन्या डायरीत नंबर सापडला, तोच अजून चालू आहे. मी त्यांच्याशी बोलले. त्यांना पुरातल्या पाहुण्यांची गोष्ट माहीत होती, चपलेचीसुद्धा. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला जाणार आहोत. आत्याही येते म्हणाली. बरोबर लहान मुलं आहेत आणि धाकटा सगळ्या वस्तू ओढतो, हे मी त्यांना आधीच सांगून ठेवलंय.